पहारेकऱ्याची नवी विद्या आणि सीमाभागातील तरुण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी येथील मराठी माणूस आपल्याच घरात परका झाला. त्या वर्षी जन्मलेले मूल आज सत्तरीच्या घरात आले आहे. या दीर्घ काळात सीमाप्रश्नाची चर्चा आम्ही नकाशे, जनगणनेचे आकडे, १९६७ सालचा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा यांच्याच आधारे करीत आलो. ती चर्चा चालू राहिलीच पाहिजे. परंतु या प्रश्नाचे एक अंग घराघरांतील चुलीजवळचे आहे आणि त्याकडे चळवळीने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. मराठी शाळेत शिकून बाहेर पडलेल्या मुलाने व मुलीने पोट कोठे भरावे, हा तो प्रश्न होय.

येथील राज्यसेवेच्या उंबरठ्यावर कन्नडच्या परीक्षेची अट उभी आहे. ती ओलांडणारे थोडे. बाकीचे कोल्हापूर, पुणे, मुंबई नाहीतर गोव्याची वाट धरतात. जे मागे राहतात ते दुकानात, उद्यमबागेतील कारखान्यात, नाहीतर कुठल्याशा सोसायटीच्या वसुलीत आयुष्य काढतात. या कामांत कमीपणा मुळीच नाही. परंतु ज्याची बुद्धी अधिकाची भूक बाळगून आहे, त्याला केवळ भाषेच्या आणि पैशाच्या कारणाने मार्ग मिळू नये, हा अन्याय सीमाप्रश्नाच्याच पोटचा आहे. म्हणूनच ज्याच्या दारावर कोणी जात, जन्मगाव वा मातृभाषा विचारीत नाही आणि ज्याचे पहिले धडे फुकट मिळतात, अशा एका धंद्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत. संगणकाच्या राखणदारीचा हा धंदा. जगात त्याला सायबर सुरक्षा म्हणतात.

हा विषय आमच्या पानास परका आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्या पासबुकाकडे एकवार पाहावे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो दरोडा पडला, त्यात कोणी भिंत फोडली नाही की तिजोरीला हात लावला नाही. एटीएम यंत्रांना होकार देणाऱ्या संगणकव्यवस्थेतच घातकी प्रणाली घुसवण्यात आली आणि बनावट कार्डे हाती घेतलेल्या टोळ्यांनी २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले. आमच्या शेजारच्या कोल्हापुरातील यंत्रेही त्यातून सुटली नाहीत. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या, पिढ्यानपिढ्यांचा विश्वास मिळवलेल्या सहकारी संस्थेची ही गत झाली. पुढे जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे देवघेवीचे व्यवहार खबरदारी म्हणून तात्पुरते तोडावे लागले. त्यांत बव्हंशी सहकारी व ग्रामीण बँका होत्या.

रिझर्व्ह बँक या धोक्याविषयी झोपलेली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकेच्या व्यवहाराचे स्वरूप पाहून तिची चार पायऱ्यांत वाढ केली. सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये असा दंडक घातला, की असा हल्ला ध्यानात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळवले पाहिजे. कागदावर हे सारे ठीक आहे. परंतु नियम स्वतः पहारा करीत नाहीत. पहारा माणसाला करावा लागतो. आमच्या भागातील सहकारी बँका व सोसायट्या यांच्या दप्तरात विणकर, भाजीवाल्या, तंबाखू पिकवणारे शेतकरी, निवृत्त शिक्षक यांची आयुष्यभराची पुंजी आहे. ती राखण्यास ही विद्या जाणणारे किती तरुण आपल्या गावात आहेत, हे संचालकांनी एकदा बोटांवर मोजून पाहावे.

आणि पुंजी केवळ संस्थेच्या दारातूनच जाते असे नाही. पोलीस अधिकाऱ्याचा वेष करून, दूरध्वनीवर चेहरा दाखवून, 'तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे' असे धमकावून वृद्धांना लुबाडण्याचा प्रकार देशभर चालला आहे. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून त्याविषयी सावध करावे लागले. अशी कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही, आणि फसगत होताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, या दोन गोष्टी ज्या घरात कोणी समजावून सांगितल्या ते घर वाचते. समजावून सांगणारा माणूस मायबोलीत बोलणारा असला, तर म्हाताऱ्याला त्या दोन गोष्टी लवकर पटतात.

आता हा धंदा आहे तरी काय? चित्रपटांतून जो हॅकर दिसतो, अंधाऱ्या खोलीत बसून क्षणार्धात कुलपे उघडणारा, त्याच्याशी या कामाचे फारसे नाते नाही. प्रत्यक्षात हे काम तीन प्रकारचे असते. कोणी संस्थेच्या संगणकांवर रात्रंदिवस नजर ठेवून असतो: कोण आत आला, कोठून आला, ज्या दाराशी त्याचे काम नाही ते त्याने का ठोठावले, हे तो नोंदींवरून पाहतो. कोणी मालकाच्या लेखी परवानगीने आपणच चोर होऊन घर तपासतो आणि कोठे खिळखिळे आहे त्याचा अहवाल देतो. कोणी चोरी झाल्यानंतर माग काढतो. तिन्ही कामांना बुद्धीची चमक लागते, परंतु तिच्याहून अधिक लागते ती चिकाटी.

याचा एक जुना दाखला आमच्या व्यापारी वाचकांस विशेष रुचेल. १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ संगणक सांभाळण्याच्या कामावर आला. संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तूट होती आणि ती का पडली एवढे पाहण्याचे काम त्याला सांगण्यात आले. रक्कम क्षुल्लक होती. परंतु आपल्या बाजारपेठेतील जुना मुनीम जसा खतावणीत दोन आण्यांचा मेळ बसेपर्यंत दिवा मालवत नसे, तसाच हा मनुष्य त्या ७५ सेंटांच्या पाठीस लागला. महिनोन् महिने त्याने नोंदी चाळल्या, सापळे लावले आणि अखेर माग थेट जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत नेला. तेथील एक टोळी अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्यास विकत होती. स्टोल या विद्येचा पदवीधर नव्हता. त्या काळी या विद्येचे वर्गच जवळजवळ नव्हते. त्याच्यापाशी होती ती चुकलेला हिशेब चुकलेला राहू न देण्याची वृत्ती. ही वृत्ती आमच्या पेठांतून मुबलक आहे असे आम्ही अभिमानाने म्हणू.

'हे त्या काळी झाले. आज पदवीवाचून कोण विचारतो?' अशी शंका येईल. तिचे उत्तर अलीकडच्या दोन तरुणांच्या चरित्रात आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर प्रणाली जगभर पसरली. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणक तिने बंद पाडले आणि इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांतून रुग्णांस माघारी पाठवण्याची पाळी आली. ती थांबवली ती इंग्लंडच्या इल्फ्राकोम या समुद्रकाठच्या लहान गावात आपल्या घरी बसलेल्या मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या मुलाने. ही प्रणाली एका विचित्र नावाच्या संकेतस्थळाची चौकशी करते आणि त्या नावाची कोठेही नोंद झालेली नाही, हे त्याने पाहिले. सुमारे अकरा डॉलर भरून ते नाव त्याने आपल्याकडे नोंदवले. ते स्थळ उत्तर देऊ लागताच प्रणालीचा प्रसार थबकला. हचिन्सपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. घातकी प्रणाली उलगडून पाहण्याची विद्या तो मुलगेपणापासून आपली आपणच शिकला होता, आपण काय पाहिले ते नित्य लिहून प्रसिद्ध करीत होता, आणि त्या लेखनावरूनच एका अमेरिकी कंपनीने त्याला घरबसल्या काम दिले होते.

दुसरा तरुण अर्जेंटिनाचा. ब्युनॉस आयरिसचा सांतियागो लोपेझ फुकट मिळणारे धडे वाचून व पाहून ही विद्या शिकला. अनेक मोठ्या कंपन्या आपल्या व्यवस्थेतील दोष सभ्यपणे दाखवणाऱ्यास बक्षीस देतात. त्याला बग बाउंटी म्हणतात. लोपेझचे पहिले बक्षीस अवघ्या ५० डॉलरांचे होते. मार्च २०१९ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, हॅकरवन या मध्यस्थ संस्थेमार्फत दहा लाख डॉलरांची बक्षिसे मिळवणारा तो जगातील पहिला ठरला. त्यासाठी त्याने १,६०० हून अधिक दोष शोधून दाखवले होते. दहा लाखांचा आकडा ऐकून ज्यांचे डोळे दिपतील त्यांनी हा सोळाशेचा आकडाही लक्षात ठेवावा. एकेक दोष म्हणजे कित्येक निष्फळ रात्री. बक्षिसांवर संसार चालवू म्हणणारांपैकी फारच थोड्यांचा तो चालतो. तेव्हा कोणा तरुणाने नोकरीधंदा सोडून या बक्षिसांच्या मागे लागावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. विद्या मिळवण्यास पदवीचा परवाना लागत नाही, एवढेच या दाखल्यावरून सिद्ध होते आणि आमच्या कामापुरते ते पुरेसे आहे.

मग आरंभ कोठून करावा? जेथे आपण आहोत तेथूनच. मोबाइल आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा मुलगा, इंटरनेटची तार घरोघर ओढून देणारा मुलगा, सोसायटीत पावत्या नोंदवणारी मुलगी, ही सारी या विद्येच्या पहिल्या पायरीवर आधीच उभी आहेत. यंत्र आतून कसे असते, तारेतून माहिती कशी धावते, माणसे पासवर्ड कोठे लिहून ठेवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. कुलपाच्या दुकानात उमेदवारी केलेल्यास दाराची परीक्षा लवकर कळते, तशातलाच हा प्रकार आहे.

क्रम मात्र सोडू नये. इमारतीच्या पायाआधी कळस चढवू पाहणारे विद्यार्थी या क्षेत्रात फार आणि तेच लवकर थकतात. प्रथम संगणकांचे जाळे समजून घ्यावे: एका यंत्राचा पत्ता दुसऱ्यास कसा कळतो, नावावरून पत्ता कोण शोधून देतो, एकाच यंत्राला अनेक दारे कशी असतात. जाळ्यातून धावणारी माहिती उलगडून दाखवणारे वायरशार्क हे साधन फुकट मिळते. त्यातून आपल्याच यंत्राची ये-जा पाहावी. दुसरी पायरी लिनक्सची. १९९१ साली फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभ केलेली ही प्रणाली कोणासही फुकट वापरता येते, आणि वापरून जुन्या झालेल्या संगणकावरही ती चालते. तिसरी पायरी थोड्याफार प्रोग्रामिंगची. पायथन ही भाषा आरंभास सोयीची आहे. चौथ्या पायरीवर संकेतस्थळे कशी बनतात आणि कोठे फसतात याचा अभ्यास करावा. ओवास्प ही संस्था २००३ पासून अशा दहा प्रमुख धोक्यांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करीत आली आहे; ती पाठ करण्यापेक्षा त्यातील एकेक धोका सरावाच्या यंत्रावर स्वतः घडवून पाहावा.

सरावासाठी कोणाच्या घरात शिरण्याची गरज नाही. मुद्दाम त्यासाठीच बांधलेल्या तालमी आहेत. 'ओव्हर द वायर'चा 'बँडिट' हा खेळ लिनक्सच्या आज्ञा शिकवतो. एका पायरीचे कोडे सुटले की पुढच्या पायरीचा पासवर्ड हाती येतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 'पिकोसीटीएफ' हा उपक्रम शाळकरी मुलांपासून सर्वांस खुला आहे. पोर्टस्विगर या कंपनीने संकेतस्थळांच्या सुरक्षेची प्रयोगशाळाच विनामूल्य उघडी ठेवली आहे. आपल्या देशातील आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर घरबसल्या ऐकता येतात. आणि हे सारे करताना एक वही ठेवावी: आज काय केले, कोठे अडलो, कसे सुटलो. पदवी नसलेल्या उमेदवाराची तीच पदवी. मुलाखत घेणारासमोर अशी दोन वर्षांची वही ठेवणारा तरुण आणि नुसती प्रमाणपत्रे ठेवणारा तरुण यांत निवड करण्यास जाणत्यास वेळ लागत नाही.

भाषेचा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि तो आम्ही टाळणार नाही. या विद्येचा बहुतेक मजकूर इंग्रजीत आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला त्याची धास्ती वाटते. पालक त्या धास्तीपोटी मराठी शाळाच सोडून देतात आणि आमच्या शाळांचे वर्ग ओस पडतात. आमचे मत स्पष्ट आहे. इंग्रजी शिकलीच पाहिजे; येथे राहणाराने कन्नडही शिकावी, त्यात लाभच आहे आणि शेजारधर्मही. परंतु विचार पक्का होतो तो मातृभाषेत. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्स, पायथन यांसारख्या विषयांचे छोटे पाठ मराठीतून ऐकण्याची सोय केली आहे. सीमाभागातील किती शाळांनी ते मुलांस दाखवले? पहिला धडा मराठीत समजला, की तोच धडा इंग्रजीत वाचताना शब्द अडतात, अर्थ अडत नाही. मातृभाषेची शाळा या विद्येच्या आड येत नाही. आड येते ती 'आपल्याला हे जमणार नाही' ही शाळेबाहेर शिकलेली भीती.

दुसरा धोका ठकांचा. जेथे तरुणांची आशा तेथे तिचा बाजार मांडणारे येतातच. 'सहा महिन्यांत हॅकर व्हा, नोकरीची हमी' अशा पाट्या लावून भरमसाट शुल्क घेणारे वर्ग शहराशहरांतून निघाले आहेत. चांगले शिक्षक नाहीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोणत्याही पालकाने दागिने गहाण ठेवून असे शुल्क भरण्याआधी आपल्या मुलाने फुकटचे धडे सहा महिने नेटाने केले की नाही, हे पाहावे. ज्याने केले असतील त्याला कोणता वर्ग खरा व कोणता पोकळ हे आपोआप कळेल. ज्याने केले नसतील त्याला वर्गाचाही उपयोग नाही. मान्यताप्राप्त प्रमाणपत्रांना बाजारात किंमत आहे हे खरे. ती पहिल्या पगारातून मिळवता येतात.

तिसरा धोका सर्वांत मोठा आणि तो आतला आहे. ही विद्या म्हणजे दुसऱ्याच्या कुलपाची जाण आहे; ती कोणत्या हातात आहे यावर सारे अवलंबून. हचिन्सची अर्धी गोष्ट आम्ही वर सांगितली, उरलेली अर्धीही सांगितली पाहिजे. वॉनाक्राय थांबवून तीन महिने होत नाहीत तोच, ऑगस्ट २०१७ मध्ये, अमेरिकेत त्याला अटक झाली. बँकखात्यांची माहिती चोरणारी 'क्रोनोस' नावाची प्रणाली घडवण्यात त्याचा हात होता. कोवळ्या वयात, वाईट संगतीत, पैशासाठी केलेले ते काम होते. २०१९ साली त्याने गुन्हा कबूल केला. तो स्वतःहून सन्मार्गास लागला होता हे ध्यानी घेऊन न्यायाधीशाने भोगलेल्या कोठडीवरच त्याला सोडले व वर्षभराची देखरेख ठेवली. तरी त्याची उमेदीची दोन वर्षे घरापासून दूर, खटल्याच्या छायेत गेली. आणि त्याला लाभला तसा न्यायाधीश प्रत्येकास लाभेलच असे नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो हे आमच्या तरुणांनी पहिल्याच दिवशी शिकावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले, तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'मी फक्त पाहत होतो' हे उत्तर न्यायालयात टिकेल या भरवशावर कोणी राहू नये. आणि सीमाभागातील तरुणाने तर याबाबत दुप्पट सावध असावे. रागाच्या भरात कोणत्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या घोषणा चिकटवण्याची कल्पना एखाद्या डोक्यात येईल. तिला आमचा सक्त विरोध आहे. ज्या चळवळीने इतकी दशके सत्याग्रहाच्या, मतपेटीच्या व न्यायालयाच्या मार्गाने आपले म्हणणे मांडले, तिच्या नावाला अशा पोरकटपणाने काळिमा लागेल आणि एका होतकरू मुलाचे आयुष्य जाईल ते वेगळेच. दिवसाढवळ्या, आपले नाव सांगून, दारातून आत जाणे हीच आमची रीत आहे. या विद्येतही तीच ठेवावी.

आमच्याच काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, अशा विद्या शिकवाल तर उरलेसुरले तरुणही बंगळूरला नाहीतर पुण्याला जातील. मोर्च्यात घोषणा द्यायला कोण राहील? आक्षेप कळकळीचा आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर देतो. तरुण आजही जातच आहेत, आणि विद्येवाचून जातात ते हलक्या पगारावर, भाड्याच्या खोलीत दिवस काढतात. परंतु या धंद्याचा एक मोठा भाग असा आहे, की तो खानापुरात बसूनही करता येतो. इल्फ्राकोममध्ये बसून केला गेला, ब्युनॉस आयरिसमध्ये बसून केला गेला, मग जांबोटीच्या वा येळ्ळूरच्या घरात बसून का करता येऊ नये? आणि जो बाहेर जाईल तोही आपल्या पायावर उभा असलेला मनुष्य म्हणून जाईल. पोटाची चिंता मिटलेला माणूस चळवळीला मन देतो, वेळ देतो आणि वर्गणीही देतो. बेकार तरुणांच्या वैतागावर उभी राहिलेली चळवळ मोठी दिसते, परंतु वैताग ओसरला की ती कोसळते. आम्हांस तशी चळवळ नको आहे.

शेवटी समाजाचे कर्तव्य. स्वयंशिक्षण म्हणजे एकट्याने शिक्षण नव्हे. ज्या काळी घरी पुस्तक घेण्याची ऐपत नव्हती त्या काळी आमच्या वाडवडिलांनी वाचनालये काढली. तेथे दिव्याखाली बसून कित्येक गरीब मुले स्वतःच्या बळावर शिकली. आज त्याच वाचनालयांनी एक खोली, चार जुने संगणक आणि इंटरनेटची एक जोडणी एवढे दिले, तर तेच कार्य नव्या रूपात पुढे चालेल. कचेऱ्यांतून बाद झालेले संगणक लिनक्स घालून पुन्हा चालते करणे हाच विद्यार्थ्यांचा पहिला धडा ठरेल. गणेशोत्सव मंडळांनी मांडवाच्या एका विद्युत्माळेचा खर्च त्याकडे वळवावा. सोसायट्यांनी व सहकारी बँकांनी दरवर्षी दोन उमेदवार घेऊन त्यांस जाणत्या माणसाच्या हाताखाली आपल्याच व्यवस्थेची राखण शिकवावी; बाहेरच्या कंपनीस द्यायच्या पैशाच्या मानाने हा खर्च थोडा आहे. निवृत्त गणित शिक्षकांनी संध्याकाळी येऊन मुलांजवळ नुसते बसावे. संगणक त्यांस न येवो, 'का?' असे विचारण्याची सवय तर त्यांच्यापाशी आहे.

आणि मुलींचा विचार वेगळा करावा लागेल. ज्या घरातून मुलीला रात्रीच्या पाळीस किंवा परगावी पाठवत नाहीत, त्या घरातही हे काम तिला करता येते. तिला हवे असते ते एक दार लागणारी जागा आणि स्वयंपाकातून सुटलेले दोन तास. हे दोन तास देणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते घराच्या हाती आहे.

महाराष्ट्र शासनासही आमचे एक मागणे आहे. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, तेथील मुलांस आपलीच मुले मानून सवलती देण्याचे धोरण त्याने वेळोवेळी जाहीर केले आहे. त्या धोरणात या विद्येच्या मराठी पाठांची, परीक्षाशुल्काच्या मदतीची आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांतील उमेदवारीची तरतूद करावी. घोषणेपेक्षा अशी एक उमेदवारी सीमाभागातील घराला महाराष्ट्राचे अधिक जवळचे दर्शन घडवील.

न्यायालयाचा निकाल कधी लागेल हे आमच्या हाती नाही. तो लागेल तेव्हा या भूमीवर मराठी बोलणारी, स्वतःच्या बळावर शिकलेली आणि आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्याच्या पुंजीवर पहारा देणारी पिढी उभी असावी, हे मात्र सर्वस्वी आमच्या हाती आहे. हुतात्म्यांनी ज्या मातीसाठी प्राण वेचले, त्या मातीतील एका मुलाने आज रात्री जुना संगणक उघडून पहिला धडा गिरवला, तर तेही या लढ्याचेच काम आहे, असे आम्ही मानतो.